तमाशाचा बंद हंगाम आणि वाट पाहणारे गाव : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात

मराठी रंगभूमीच्या इतिहासाची मांडणी बहुधा नाटककार, नाटक आणि नाट्यगृह या तीन आधारांवर होत आली आहे. विष्णुदास भावे यांचा १८४३ मधील सांगलीचा प्रयोग, अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८० मधील 'शाकुंतल' व १८८२ मधील 'सौभद्र', १९११ मधील 'मानापमान', १९१३ साली झालेली गंधर्व नाटक मंडळीची स्थापना, हे टप्पे प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असतात. या मांडणीत प्रेक्षकास स्थान नाही असे नव्हे. परंतु ते टाळ्या देणाऱ्या आणि 'वन्समोअर' मागणाऱ्या निनावी समूहाचे आहे. तो समूह कोणाचा होता, तो ठरावीक दिवशीच का जमे, आणि खेळ बंद पडला म्हणजे त्याचे काय होई, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले. त्यामुळे ज्या रंगप्रकाराला छापील संहिता नाही, कायमचे नाट्यगृह नाही आणि ज्याचा कर्ता पुष्कळदा अनामिक आहे, त्या तमाशाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाच्या हाती फारसे काही उरत नाही. काही शाहिरांची चरित्रे, काही लावण्यांचे संग्रह आणि कलावंतांच्या विपन्नावस्थेची वर्णने एवढ्यावरच तो लेखनविषय संपतो.

एखादी संस्था कशावर उभी आहे हे ती चालू असताना दिसत नाही; ती बंद पडली म्हणजे दिसते. मार्च २०२० ते एप्रिल २०२२ या सुमारे दोन वर्षांत कोविड-१९ च्या साथीमुळे महाराष्ट्रातील सर्वच रंगभूमी कमीअधिक काळ बंद राहिली. शहरी नाटकांचा पडदा या काळात दोनदा उघडला व एकदा पुन्हा पडला. फडाच्या तमाशाचा हंगाम मात्र शासनाने नाट्यगृहे उघडूनही उघडला नाही. हा फरक का पडला, याचे उत्तर तमाशाच्या प्रेक्षकाच्या स्वरूपात सापडते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हे क्षेत्र निवडले आहे. या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला संगमनेर हे फडाच्या तमाशाचे जुने ठाणे आहे, दक्षिण टोकाला जामखेड हे संगीत बारीचे केंद्र आहे, आणि मध्ये असंख्य गावांच्या यात्रा आहेत.

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळेचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तमाशात स्त्रीभूमिका 'नाच्या पोऱ्या' करीत असे. स्त्री प्रत्यक्ष बोर्डावर उभी राहिली ती पवळेच्या पिढीत, आणि त्या पिढीतील सर्वांत गाजलेले नाव तिचेच होय. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्ण कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, यांनी आपले कुलकर्णीपण व ज्ञाती सोडून फड धरला. त्यांची लावणी आणि पवळेची अदाकारी यांचा संयोग मुंबईच्या कामगार वस्तीत आणि घाटावरील यात्रांत सारखाच लोकप्रिय झाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की लोक 'वग कोणता' असे विचारीत नसत; 'फड कोणाचा' असे विचारीत. बापूराव-पवळा यांचा फड ही गोष्टच प्रेक्षकास पुरेशी होती.

ही रीत पुढेही टिकली. फडाच्या तमाशाचे नाव पाहिले तर ते एखाद्या वंशावळीसारखे असते : अमक्यासह तमकी, लोकनाट्य तमाशा मंडळ. संगमनेरचा 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' हा फड याचे ठळक उदाहरण आहे. कांताबाईंचे बालपण साताऱ्यात गेले. तुकाराम खेडकर यांच्या फडात त्या नावारूपास आल्या. १९६४ मध्ये खेडकरांचे निधन झाल्यावर त्यांना काही काळ हलाखीत काढावा लागला, व पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला. पुत्र रघुवीर यांचे नाव त्या फडास मिळाले. राज्यशासनाने विठाबाई नारायणगावकर यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्याचा पहिला मान कांताबाईंना देण्यात आला. अशा फडाचे वग बदलतात, लावण्या बदलतात, सिनेमाची गाणी येतात व जातात, सोंगाड्या म्हातारा होतो आणि त्याचा मुलगा सोंगाड्या होतो. नाव मात्र कायम राहते. पाश्चात्त्य रंगभूमीवर एकच संगीतिका तीस-तीस वर्षे अखंड चालते, त्याचे नवल केले जाते. तमाशात दीर्घकाळ चालते ते नाटक नव्हे, फड चालतो. म्हणून 'खेळ पुन्हा कधी सुरू होणार' या प्रश्नाचा अर्थही येथे निराळा होतो.

फडाचा हंगाम दसऱ्यास सुरू होतो आणि अक्षय्य तृतीया किंवा फार तर बुद्धपौर्णिमा यांच्या आसपास संपतो. पावसाळ्यात फड मोडलेला असतो : तंबू-कनाती गुंडाळलेल्या, ट्रक उभे, कलावंत आपापल्या गावी. या हंगामाचे दोन भाग पडतात, आणि त्यांतील भेद ध्यानात घेतल्याशिवाय पुढील विवेचन नीट कळणार नाही. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत फड गावोगाव कनात ठोकून तिकिटावर खेळ करतो. येथे प्रेक्षक सुटा असतो. ज्याला हवे तो तिकीट काढतो. थंडीचे दिवस, बाजारचा वार, पिकाची स्थिती यांवर गल्ला ठरतो आणि तो बेभरवशाचाच असतो. चैत्र व वैशाख या दोन महिन्यांत मात्र यात्रांचा काळ येतो. तेव्हा खेळ सुपारीवर होतो. गावाची यात्रा कमिटी वर्गणी जमवते, फडाशी रक्कम ठरवते, आणि त्या रात्री ग्रामदैवताच्या यात्रेस आलेला प्रत्येक माणूस तिकिटाविना तमाशा पाहतो. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसे असतात. त्यांचे वर्ष निभावते ते या दोन महिन्यांच्या सुपाऱ्यांवर.

सुपाऱ्यांचा बाजार भरतो तो पुणे जिल्ह्यातील नारायणगावी. हे गाव पुणे-नाशिक रस्त्यावर आहे आणि त्याच रस्त्याने उत्तरेस गेले की संगमनेर लागते, म्हणून नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील गावांना ते सोयीचे. फाल्गुनात फडमालक तेथे आपापल्या राहुट्या उभारतात. राहुटीत फडाच्या कलावंतांची छायाचित्रे, बाहेर नावाचा फलक, आत गादीवर बसलेला मालक किंवा त्याचा व्यवस्थापक. गुढीपाडव्याच्या दिवशी गावोगावचे कारभारी येतात. एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत फिरतात, भाव करतात, नवी नर्तकी कोण आली याची विचारपूस करतात, मागील साली खेळ उशिरा सुरू झाला याची तक्रार करतात, आणि शेवटी इसार देऊन तिथी नोंदवतात. पाडव्यानंतर पौर्णिमेपर्यंतचे दिवस सर्वांत मोलाचे, कारण हनुमान जयंतीच्या आगेमागे कितीतरी गावांच्या यात्रा एकाच दिवशी येतात व नामांकित फड थोडे असतात. तिथी बदलता येत नाही. देवाचा दिवस ठरलेला, म्हणून खेळाचा दिवस ठरलेला.

रात्रीचा खेळ गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग या क्रमाने पहाटेपर्यंत चाले. अलीकडे पोलिसांच्या वेळमर्यादेने तो आखडला आहे. परंतु यात्रेत खेळ तेवढ्यावर संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फडास 'हजेरी' द्यावी लागते. कुस्त्यांच्या आखाड्याआधी, उन्हे चढण्यापूर्वी, मंदिरासमोर किंवा चावडीपाशी पुन्हा ढोलकी वाजते. हजेरी हा शब्द अर्थपूर्ण आहे. रात्रीचा खेळ रसिकांपुढे असतो, सकाळची हजेरी गावापुढे आणि देवापुढे असते. जो फड हजेरी न देता निघून गेला त्याला त्या गावी पुन्हा सुपारी मिळणे अवघड. छबिना, तमाशा, हजेरी, कुस्ती हा क्रम ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला त्या गावकऱ्यांच्या लेखी तमाशा हे यात्रेला जोडलेले करमणुकीचे अंग नसून यात्रेचाच एक विधी होय.

येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. गावाचे हे नाते रम्य करून सांगण्याचा मोह लोककलेच्या अभ्यासकांना नेहमीच होतो. वस्तुस्थिती अशी की फडातील कलावंत बहुसंख्येने महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील आणि यात्रा कमिटी गावच्या मानकऱ्यांची. ज्या गावास तमाशावाचून यात्रा अपुरी वाटते त्याच गावात तमाशातील स्त्रीकडे आदराने पाहिले जाईलच असे नाही. पवळेच्या काळीही हे होते व नंतरही राहिले. शिवाय फडाचा सारा व्यवहार उचलीवर चालतो. पावसाळ्यात उपजीविकेसाठी कलावंत मालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर ती फेडतो. मालक ती रक्कम सावकाराकडून व्याजाने आणतो आणि चैत्राच्या सुपाऱ्यांवर फेडतो. प्रेक्षकाची प्रतीक्षा आणि कलावंताची प्रतीक्षा या एकाच हंगामाच्या दोन बाजू असल्या तरी त्यांची किंमत एक नाही. गावाने वाट पाहिली तर त्याचा एक आनंद हुकतो. फडाने वाट पाहिली तर व्याज चढते.

तमाशा बंद पडण्याचे प्रसंग यापूर्वीही आले होते. २०२० मध्ये ज्या कायद्याच्या आधारे यात्रा थांबविण्यात आल्या त्याचा उगमच १८९६-९७ च्या मुंबई इलाख्यातील प्लेगमध्ये आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये संमत झालेला साथरोग अधिनियम हा तो कायदा. सव्वाशे वर्षांनंतर महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० पासून तोच लागू केला. रोगाचा प्रतिबंध म्हणजे गर्दीचा प्रतिबंध, हे समीकरण त्या कायद्यापासून प्रशासनाच्या अंगवळणी पडले, आणि ग्रामीण महाराष्ट्रात गर्दीचे सर्वांत ठळक रूप यात्रा हेच होते.

दुसरा प्रसंग साथीचा नव्हता. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर लगेच, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. त्या बंदीतून मार्ग काढण्यासाठी दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमण्यात आली. वगाची संहिता आधी तपासून घ्यावी, बीभत्स हावभाव व भाषा वगळावी, अशा अटींवर खेळ पुन्हा सुरू झाले. या बंदीचा एक परिणाम आजही प्रत्येक फडाच्या फलकावर वाचता येतो. 'तमाशा' हा शब्द निषिद्ध ठरला तेव्हा अण्णा भाऊ साठे, अमर शेख आदी शाहिरांनी आपल्या खेळांस 'लोकनाट्य' म्हणण्यास प्रारंभ केला. पुढे हा शब्द प्रतिष्ठित झाला. फडमालकांनी तो स्वीकारला, परंतु जुना शब्द टाकला नाही, आणि 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असे जोडनाव रूढ झाले. शासनास लोकनाट्य हवे होते, गावास तमाशा हवा होता. फलकावर दोघांचीही सोय झाली. समित्यांच्या अहवालांपेक्षा हा फलक त्या तडजोडीचा अधिक बोलका दस्तऐवज मानावा लागेल.

या दोन प्रसंगांशी ताडून पाहता २०२० ची बंदी निराळी होती. आधीच्या बंदीत खेळाच्या स्वरूपावर आक्षेप होता; खेळ सुधारला की परवानगी मिळत असे. या वेळी आक्षेप प्रेक्षकाच्या जमण्यावरच होता. आणि ती आली तो मुहूर्त फडांच्या दृष्टीने याहून प्रतिकूल असूच शकला नसता. मार्चच्या मध्यापासून जत्रा-यात्रांना मनाई होऊ लागली. देशव्यापी टाळेबंदी २४ मार्चच्या मध्यरात्री अमलात आली. दुसरा दिवस, २५ मार्च २०२०, हा गुढीपाडव्याचा होता. ज्या दिवशी वर्षाच्या सुपाऱ्या ठरायच्या त्याच दिवशी घराबाहेर पडणे बंद झाले. कनातीचा तोट्याचा हंगाम खेळून झाला होता, उचली वाटून झाल्या होत्या. ज्या दोन महिन्यांत ते सारे भरून निघायचे तेच दोन महिने नाहीसे झाले. ८ एप्रिलची चैत्री पौर्णिमा टाळेबंदीत गेली.

त्यानंतरच्या घटनाक्रमात शासनाची वर्गवारी आणि तमाशाची रचना यांतील विसंगती स्पष्ट दिसते. २५ ऑक्टोबर २०२० रोजी दसरा आला. हंगाम सुरू झाला नाही. ५ नोव्हेंबरपासून नाट्यगृहे निम्म्या आसनक्षमतेने उघडण्यास अनुमती मिळाली. आसनक्षमता हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कनातीत आसने नसतात. यात्रेच्या मैदानात तर कनातही नसते. ज्याची निम्मी संख्या मोजता येत नाही त्याला निम्म्या संख्येने परवानगी कशी द्यावी, असा हा पेच होता. १६ नोव्हेंबरला, बलिप्रतिपदेच्या दिवशी, मंदिरेही उघडली. म्हणजे देवाचे दार उघडले, नाटकाचे दार उघडले, परंतु देवासमोर नाटक करण्याची जी जागा तिला दारच नसल्यामुळे ती बंद राहिली. कोणा अधिकाऱ्याच्या मनात तमाशाविषयी आकस होता असे म्हणण्याचे कारण नाही. नियमांची भाषा इमारतींची होती, एवढेच.

याच जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण या विधानास पूरक आहे. जामखेडची संगीत बारी ही फडाहून वेगळी संस्था. तेथे कलाकेंद्रांच्या इमारती आहेत, ढोलकी-तबला-पेटीच्या साथीने बैठकीची लावणी होते, आणि रसिक स्वतः तेथे जातो. बारीचा प्रेक्षक सुटा व पैसेवाला. त्याला तिथीचे बंधन नाही. टाळेबंदीने बारीचेही अतोनात नुकसान केले, परंतु निर्बंध शिथिल होताच बारीस निदान दार उघडून रसिकाची वाट पाहता येत होती. फडास आपला प्रेक्षक एकेक करून गोळा करता येत नाही. तो गाव म्हणून येतो, नाहीतर येत नाही. एकाच जिल्ह्यातील, एकाच लावणीवर जगणाऱ्या या दोन संस्थांचे भवितव्य त्या काळात इमारतीच्या असण्या-नसण्याने वेगळे झाले.

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता. फेब्रुवारीपासून रुग्णसंख्या पुन्हा वाढू लागली होती व एप्रिलच्या प्रारंभीच नाट्यगृहे दुसऱ्यांदा बंद झाली होती. पाडव्याच्याच दिवशी राज्यात कडक निर्बंध जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिलच्या रात्री आठ वाजल्यापासून, ते अमलात आले. लागोपाठ दुसऱ्या वर्षी चैत्र रिकामा गेला. तमाशा कलावंत शेतमजुरी करू लागले, कोणी भाजी विकू लागले, वाद्ये गहाण पडली, याच्या वार्ता वृत्तपत्रांतून येत राहिल्या. त्या खऱ्याच होत्या. परंतु त्यांत गावाविषयी अवाक्षरही नव्हते, हे ध्यानात येते. शहरी नाटकांच्या बाबतीत मात्र प्रेक्षक उत्सुकतेने वाट पाहत आहेत, अशी वर्णने पुष्कळ आली. २०१७ मध्ये रंगभूमीवर आलेले प्राजक्त देशमुख यांचे 'संगीत देवबाभळी' हे त्यांतील एक. तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई यांच्या संवादावर रचलेले हे संगीत नाटक ऐन बहरात असताना थांबले होते, आणि त्याचे प्रयोग पुन्हा कधी लागतात याकडे अनेक शहरांतील रसिकांचे डोळे लागले होते. असा रसिक आपली उत्कंठा व्यक्त करू शकतो. त्याची भाषा वृत्तपत्रांची भाषा असते. वर्गणीची वही दोन वर्षे कोरी राहिलेल्या गावाची उत्कंठा कोणी नोंदवली नाही, कारण ती उत्कंठा व्यक्तीची नव्हती.

कांताबाई सातारकर यांचे २५ मे २०२१ रोजी संगमनेर येथे कोविडने निधन झाले. त्या दिवशी महाराष्ट्रात कोठेही तमाशाचा खेळ होऊ शकत नव्हता. ज्या स्त्रीने पाच-सहा दशके यात्रांच्या रात्री जागवल्या तिच्या अखेरच्या दिवसांत एकही यात्रा नव्हती.

पुढे ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेच्या मुहूर्तावर मंदिरे पुन्हा उघडली, १५ ऑक्टोबरला दसरा झाला, आणि २२ ऑक्टोबरपासून राज्यातील नाट्यगृहे व चित्रपटगृहे निम्म्या क्षमतेने पुन्हा सुरू झाली. योगायोग असा की न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक नाट्यगृहात १९८८ पासून चालू असलेली 'द फँटम ऑफ द ऑपेरा' ही संगीतिका अठरा-एकोणीस महिन्यांच्या खंडानंतर त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. तिच्या चाहत्यांनी जगाच्या नाना कोपऱ्यांतून त्या दिवसाची वाट पाहिली होती. ब्रॉडवेची नाट्यगृहे १२ मार्च २०२० रोजी बंद झाली होती, म्हणजे तेथील आणि येथील बंदीचा आरंभही जवळजवळ एकाच वेळचा. परंतु 'फँटम'चा प्रेक्षक आपले तिकीट पुढील तारखेस वापरू शकत होता. खेळ लांबणीवर पडला, बुडाला नाही. यात्रा लांबणीवर पडत नाही. २०२० च्या चैत्राची यात्रा २०२१ च्या कार्तिकात भरवता येत नाही. गमावलेली तिथी परत येत नाही. पुढच्या वर्षीची तिथी येते, आणि ती त्या वर्षीची असते.

आणखी जुना दाखला इंग्लंडचा आहे. १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहे बंद पडली तेव्हा तेथील नटमंडळ्या शहराबाहेर पडल्या व खेडोपाडी खेळ करीत फिरल्या. शहर बंद झाले की गाव उघडे असे. फडाचा तमाशा मूळचाच फिरता. त्याला शहराबाहेर जाण्याची वाट उपलब्ध नव्हती, कारण तो आधीच तेथे होता. फिरत्या रंगभूमीला संकटकाळी आपल्या फिरतेपणाचा आधार असतो हा सर्वसाधारण समज २०२० मध्ये खोटा ठरला. सर्वत्र एकाच वेळी बंदी असेल तर फिरते मंडळ स्थिर मंडळापेक्षा अधिक अगतिक होते. स्थिर मंडळाजवळ निदान वास्तू असते.

जानेवारी २०२२ मध्ये साथीची तिसरी लाट आली आणि निर्बंध पुन्हा आवळले गेले. त्यामुळे त्या हंगामाचा कनातीचा भागही धड पार पडला नाही. मग ३१ मार्च २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने साथविषयक सर्व निर्बंध मागे घेण्याचा निर्णय केला. तो अमलात आणण्यासाठी जो दिवस निवडला तो २ एप्रिलचा, गुढीपाडव्याचा. सणावर बंधने नकोत हा त्यामागील हेतू उघड होता. तमाशाचा विचार त्यात असण्याचा संभव कमी. परंतु परिणाम तोच झाला. पाडव्यास बंद पडलेला बाजार पाडव्यासच उघडला.

या घटनाक्रमावरून तमाशाच्या इतिहासलेखनासाठी काही सूचना मिळतात. नाट्यगृहांच्या तारखा आणि शासकीय परिपत्रके यांवरून तमाशाचा खंड मोजला तर तो चुकीचा निघतो. २०२०-२१ च्या हिवाळ्यात, राज्यात नाटके सुरू असताना, फड बंद होते. म्हणून कालगणना पंचांगाने केली पाहिजे. तीच गोष्ट साधनांची. फडाजवळ संहिता नसते, हे खरे. परंतु गावाजवळ यात्रा कमिटीचा जमाखर्च असतो. कोणत्या साली कोणाचा फड आणला, किती रकमेस, वर्गणी दर घरटी किती बसली, अवर्षणाच्या वर्षी तमाशा रद्द करून नुसती कुस्ती ठेवली का, हे सारे त्या वह्यांत नोंदले जाते. नगरसारख्या वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या जिल्ह्यात पाऊस आणि सुपारी यांचा संबंध तपासण्यास याहून चांगले साधन नाही. फडमालकांकडील करारपत्रांशी या वह्या ताडून पाहिल्या तर एका फडाचा चैत्रातील मार्ग तिथीवार नकाशावर काढता येईल. किर्लोस्कर किंवा गंधर्व मंडळींचे मुक्काम ज्या काटेकोरपणे नोंदविले गेले आहेत त्याच काटेकोरपणे संगमनेरच्या फडाचे मुक्काम नोंदविणे अशक्य नाही. पारनेरचा एखादा पदव्युत्तर विद्यार्थी आपल्याच गावच्या चावडीतून या कामास आरंभ करू शकतो. या वह्या कोणी जपून ठेवाव्या असा नियम नसल्याने कमिटी बदलली की त्या रद्दीत जातात, हेही त्याने विसरू नये.

२०२२ च्या पाडव्यास नारायणगावी राहुट्या पुन्हा लागल्या आणि गावोगावचे कारभारी आले. त्या वर्षीची चैत्री पौर्णिमा १६ एप्रिलला होती. दोन वर्षांत पांगलेले कलावंत बोलावणे, ट्रक दुरुस्त करणे, गहाण पडलेल्या ढोलक्या सोडवणे, नव्या मुलींना गवळणीची पावले शिकवणे आणि पौर्णिमेच्या रात्री ठरल्या गावी हजर होणे, यासाठी फडांना पाडव्यापासून चौदा दिवस मिळाले.